भिशी, तांदा आणि बँकेचा कागद

२०२५ च्या फेब्रुवारीत एक बाई लायब्ररीतल्या आमच्या टेबलापाशी तीन वह्या घेऊन आल्या. शाळेच्या पोरांच्या असतात ना तसल्या, स्पायरलवाल्या, कडा पिवळ्या पडलेल्या, एकीच्या कव्हरवर तेलाचा डाग. मी अकाऊंट्समधे काम करते आणि गेली काही वर्षं शनिवारी सकाळी आमच्या ऑरोरात छोट्या धंदेवाल्यांना हिशोब लावून द्यायला बसते. ऑरोरा म्हणजे शिकागोपासून तासाभरावर, बालाजीचं देऊळ आहे ना, तेच. गावाच्या एका टोकाला आपली देशी मंडळी आणि पूर्वेकडे सगळी मेक्सिकन वस्ती, आणि खरं सांगायचं तर दोघांचा एकमेकांशी संबंध फार कमी येतो, आला तरी लॉन कापून घेण्यापुरता. या बाई तमाले करून विकतात. तमाले म्हणजे मक्याच्या पिठात तिखट मांस नाहीतर चीज-मिरची भरायची, मक्याच्याच पानात गुंडाळायचं आणि वाफवायचं, आपल्या पातोळ्यांची लांबची बहीण म्हणा हवं तर.

वहीत रोजचं लिहिलेलं होतं. पीठ किती, चरबी किती, पानांचे गठ्ठे किती, किती डझन नेले, किती गेले, किती परत आले, आणि शेवटच्या रकान्यात एक-दोन शब्द, म्हणजे पाऊस, बर्फ, चर्चचा सण, फॅक्टरीला सुट्टी असं. २०१४ पासून. मुलीच्या बाळंतपणाचा आठवडा सोडला तर एक दिवस गाळलेला नाही, आणि त्या आठवड्यातही रोजच्या ओळीत लिहिलंय, बंद. मी पंधरा वर्षं हे काम करतेय, इतका स्वच्छ हिशोब मला पगारी माणसांकडूनसुद्धा क्वचित मिळालाय. आणि याच बाईंना एका बँकेने ८,००० डॉलरचं कर्ज नाकारलं होतं, कारण काय तर कंप्युटरवर नाव टाकलं की काहीच येत नव्हतं. रेकॉर्ड खराब होतं असं अजिबात नाही, रेकॉर्डच नव्हतं.

हे मी एवढं सांगतेय कारण आपल्या लोकांत मेक्सिकन, एकूणच लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या) लोकांच्या धंद्यांचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येतं, मंडळाच्या जेवणात तर मी ते किमान दहा वेळा ऐकलंय, की ही माणसं फार कष्टाळू, अख्खं घर राबतं, म्हणून त्यांचे धंदे चालतात. चांगल्या मनानेच म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यामुळे पुढचा विचारच होत नाही. कष्ट आणि घरची साथ तर जवळजवळ सगळ्यांकडेच आहे, मग काहींचा धंदा एका हातगाडीवरून चार दुकानांवर जातो आणि बाकीचे वीस वर्षं त्याच कोपऱ्यावर का उभे राहतात? माझं उत्तर असं की फरक पडतो तो त्यांची पत दाखवणारा कागद कोणी बनवून दिला का, यावर. त्यांच्यात विश्वास भरपूर आहे, एकमेकांचे पैसे बुडवत नाहीत, पण तो विश्वास बँकेला वाचता येईल अशा भाषेत कुठे लिहिलेलाच नसतो, आणि ज्या ज्या ठिकाणी कोणीतरी तो लिहून दिला तिथे तिथे धंदे उभे राहिलेत.

आकडे बघा. आज अमेरिकेत लॅटिनो मालकीचे छोटे-मोठे धंदे ५० लाखांच्या घरात आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅटिनो उद्योजकांचा खास अभ्यास करणारा एक गट आहे, दरवर्षी अहवाल काढतात, त्यांच्या २०२० च्या अहवालात होतं की आधीच्या दहा वर्षांत या धंद्यांची संख्या ३४ टक्क्यांनी वाढली आणि बाकीच्यांची जेमतेम १ टक्का. म्हणजे सुरू करण्यात ही माणसं कुठेच कमी नाहीत. पण या ५० लाखांत पगारी माणूस ठेवलेले धंदे किती, तर चार-साडेचार लाख, बाकीच्या दहातल्या नऊ जणांच्या धंद्यात मालक तोच नोकर. आणि त्याच अहवालात असंही होतं की धंद्याची कामगिरी सारखी धरून तुलना केली तरी मोठ्या राष्ट्रीय बँकांकडून कर्ज मंजूर होण्याची शक्यता गोऱ्या मालकांपेक्षा ६० टक्क्यांनी कमी. विक्री तीच, नफा तोच, तरीही. मला वाटतं हे एक वाक्य वाचल्यावर कष्टांच्या गप्पा बाजूला ठेवायला पाहिजेत.

आता तांदा. मेक्सिकन लोकांची तांदा म्हणजे आपली भिशी, शंभर टक्के भिशी. दहा-बारा जण जमतात, प्रत्येकाने आठवड्याला समजा १०० डॉलर टाकायचे, ज्याचा नंबर त्याने सगळी रक्कम उचलायची, चिठ्ठ्या टाकून नंबर ठरवतात किंवा जमवणारी बाई ठरवते. काही भागात कुंदिना म्हणतात, डॉमिनिकन लोक सान म्हणतात, ग्वाटेमालाकडचे कुचुबाल. माझ्या आईची मिरजेत वीस बायकांची भिशी होती, तिचं पिको-फॉलचं मशीन त्याच भिशीतून आलं आणि त्या मशीनवर माझ्या कॉलेजची फी भरली गेली, त्यामुळे बाईंनी तांदा कशी चालते ते सांगायला सुरुवात केली तेव्हा मला अर्ध्यातच कळलं होतं. त्यांच्या तांदात बारा जण, चौदा वर्षं चालू आहे. मी विचारलं, कोणी बुडवले का कधी? म्हणाल्या एकाने एकदा दोन हप्ते चुकवले, त्याच्या नातलगांनी भरले आणि त्यानंतर त्याला कोणी कुठल्याच तांदात घेतलं नाही. बुडवणारा एकदा कळला की सगळ्या वस्तीला कळतो, म्हणजे बँकेपेक्षा कडक तपासणी झाली ही! चौदा वर्षं वेळेवर हप्ता भरलेली बाई, आणि कंप्युटरच्या लेखी ती जन्मालाच आलेली नाही.

माझंच उलट बघा. मी या देशात आले तेव्हा हातात कंपनीचं पत्र होतं, व्हिसा होता, दुसऱ्या महिन्यात बँकेने स्वतःहून क्रेडिट कार्ड दिलं. मी तोवर या देशात एक रुपयाची उधारी फेडून दाखवलेली नव्हती. मग पत असल्याचा पुरावा कोणाकडे होता, माझ्याकडे की बाईंकडे?

हे नुसतं तक्रार करण्यासारखं असतं तर मी लिहिलंच नसतं, पण यावर उपाय झालेले आहेत आणि ते चाललेत. सॅन फ्रान्सिस्कोत मिशन नावाची जुनी लॅटिनो वस्ती आहे, तिथल्या मिशन ॲसेट फंड या संस्थेने अगदी साधी गोष्ट केली, तांदा आहे तशीच ठेवली, फक्त सगळ्यांकडून एका कागदावर सही घेतली, व्याज शून्य, आणि दर महिन्याचा हप्ता क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे कोण कर्ज वेळेवर फेडतं याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, कळवायला सुरुवात केली. बस. माणसं तीच, पैसे त्यांचेच, सवय आजी-पणजीपासूनची, पण आता ती सवय क्रेडिट स्कोअरमधे दिसायला लागली. ही कल्पना उभी करणारे होसे किन्योनेस यांना २०१६ मधे मॅकआर्थर फेलोशिप हा मोठा सन्मान मिळाला, आणि २०१४ मधे कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून अशा बिनव्याजी कर्जांना रीतसर जागा करून दिली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधे जॅक्सन हाइट्सला २००८ मधे ग्रामीण अमेरिका सुरू झालं, बांगलादेशच्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवर, पाच बायकांचा गट, तारण नाही, छोटं कर्ज, फेडलं की पुढचं थोडं मोठं. बचत गट बघितलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काहीच नाही.

उत्तर कॅरोलिनातल्या डरहॅमचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. नव्वदच्या दशकात तिथे लॅटिनो मजूर खूप आले, बँकेत खातं उघडता येईना म्हणून आठवड्याचा पगार रोख खिशात घेऊन फिरायचे, आणि चोरांना ते माहीत असल्यामुळे त्यांना गाठून लुटायचे, चालती-फिरती बँकच म्हणायचे त्यांना. शेवटी लोकांनी एकत्र येऊन २००० मधे लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन काढली, आपल्या पतसंस्थेसारखी सभासदांच्या मालकीची, काउंटरवर स्पॅनिश बोलणारी माणसं, सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नसेल तर दुसरी ओळखपत्रं चालतात. सुरुवात झाली ती लुटालूट थांबवण्यासाठी, आणि त्याच खात्यांवर पुढे घरांची, गाड्यांची, धंद्याची कर्जं उभी राहिली.

आणि मायामी. क्यूबन लोकांचा विषय निघाला की हमखास म्हणतात, ते वेगळेच, त्यांच्या रक्तातच धंदा. १९५९ च्या क्रांतीनंतर जे आले त्यात व्यापारी, बँकर, वकील भरपूर होते हे खरं आहे, पण येताना बहुतेकांच्या हातात काही नव्हतं. मग उभे कसे राहिले? साठच्या दशकात मायामीतल्या एका छोट्या बँकेत हवानाहून आलेलेच बँकर बसलेले होते आणि ते समोरच्या माणसाला हवानापासून ओळखायचे, याचं दुकान कसं चालायचं, शब्दाला कसा आहे ते त्यांना माहीत होतं, त्या ओळखीवर त्यांनी तारणाशिवाय १०,००० ते ३०,००० डॉलरची कर्जं दिली. कॅरॅक्टर लोन म्हणायचे त्याला. वर सरकारने निर्वासितांसाठी मदत योजना चालवली, आणि १९६६ मधे कायदाच केला की क्यूबन माणसाला ठरावीक काळ इथे राहिल्यावर कायमचं वास्तव्य मिळेल. म्हणजे पत दाखवणारा कागद मिळाला आणि राहण्याचाही मिळाला. सत्तरच्या दशकात जे क्यूबन आले ते साध्या घरांतले होते, त्यांना बँकेत ओळखणारं कोणी नव्हतं, तेव्हा ती कर्जं बंद झाली. आता रक्ताचाच प्रश्न असता तर रक्त बदललं होतं का? आपल्या गुजराती मंडळींनी इथे मोटेल्स उभी केली त्यातही हेच होतं, एकमेकांना नुसत्या शब्दावर पैसे दिले, ओळखीतला कोणीतरी आधी पैसा असलेला होता म्हणून ते जमलं. ज्या वस्तीत सगळेच नव्याने आलेले आणि सगळेच हातावर पोट असलेले, तिथे ती पहिली रक्कम कोण देणार?

उलटं काय होतं तेही सांगते. कोविडमधे छोट्या धंद्यांच्या पगारांसाठी सरकारने जी कर्जयोजना काढली, ज्यातलं कर्ज नीट वापरलं तर माफ होणार होतं, तिचे पहिले ३४९ अब्ज डॉलर एप्रिल २०२० मधे १३ दिवसांत संपले. पैसे बँकांमार्फत वाटायचे होते आणि बँकांनी साहजिकच आपल्या जुन्या गिऱ्हाइकांचे अर्ज आधी घेतले. ज्याचं बँकेत धंद्याचं खातंच नाही तो रांगेत कुठे उभा राहणार? शिवाय एकट्याने धंदा करणाऱ्याची रक्कम निव्वळ नफ्यावर ठरायची, ते बदलून एकूण विक्रीवर ठरवायला २०२१ चा मार्च उजाडला, तोवर कितीतरी दुकानांची शटर्स कायमची खाली आलेली.

निव्वळ नफ्याचा विषय निघालाच आहे तर इथे मला आमच्या टेबलावर येणाऱ्या मंडळींनाही थोडं बोलायचंय, कारण सगळी चूक बँकेची असं मी म्हणणार नाही. टॅक्स कमी बसावा म्हणून दिसेल तो खर्च धंद्यात दाखवतात, पेट्रोल, फोन, घरभाड्याचा भाग, आणि रिटर्नवर नफा दिसतो ९,००० डॉलर. तीन वर्षांनी कर्ज मागायला गेलं की बँक तोच कागद समोर ठेवते आणि म्हणते एवढ्या कमाईत हप्ता कसा फेडणार. हे करून कोण देतं, तर बहुतेक वेळा गल्लीतला नोतारिओ. मेक्सिकोत नोतारिओ म्हणजे मोठा शिकलेला वकील, त्याच्या सहीला वजन असतं, इथे नोटरी म्हणजे सही समोर झाली एवढं सांगणारा शिक्का, पण दुकानावर पाटी नोतारिओ अशीच, माणूस विश्वासाने आत जातो आणि टॅक्सपासून इमिग्रेशनपर्यंत सगळं त्याच्या हातात देऊन येतो. एका शब्दाच्या गोंधळात माणसांची आयुष्यं अडकलेली मी बघितली आहेत. म्हणून मी म्हणते, कर्जाआधी त्यांच्या भाषेत नीट सल्ला देणारा माणूस पाहिजे, आणि तो धंदा सुरू करताना पाहिजे, अडचण आल्यावर नाही.

बँकेने नाही म्हटलं की माणूस थांबत नाही हेही लक्षात घ्या, तो दुसरीकडे जातो. फोनवर जाहिरात येते, २०,००० डॉलर उद्या खात्यात. याला ते कर्ज म्हणतच नाहीत, म्हणतात तुमची पुढची विक्री आम्ही आज विकत घेतो, आणि व्याजदर सांगत नाहीत, फॅक्टर सांगतात १.३५. म्हणजे २०,००० चे २७,००० परत, सहा महिन्यांत, रोज सकाळी खात्यातून आपोआप कापून. माणसाला वाटतं ३५ टक्के, जरा महाग आहे पण ठीक. पण पैसे पहिल्या दिवसापासून परत जायला लागतात, मुद्दल रोज कमी होतंय, त्यामुळे वर्षाच्या दराने हिशोब मांडला तर शंभर टक्क्यांच्याही वर जातो. मी एका पानादेरियावाल्याला, म्हणजे मेक्सिकन बेकरीवाल्याला, हे कागदावर मांडून दाखवलं. पहाटे तीनला उठून कोन्चा आणि बोलिओ भाजणारा माणूस, लोक गोल ट्रे आणि चिमटा घेऊन रांगेत उभे असतात, दुकान उत्तम चाललेलं, आणि तो दर दोन महिन्यांनी जुनं फेडायला नवं उचलत होता. आकडा बघून बराच वेळ बोललाच नाही. मग विचारलं, हे मला आधी कोणीच का नाही सांगितलं? कॅलिफोर्नियाने असल्या कर्जांना वर्षाचा खरा दर दाखवायची सक्ती केलीय, कायदा २०१८ चा आणि अंमल २०२२ च्या डिसेंबरपासून. हे प्रत्येक राज्यात व्हायला पाहिजे, यात कोणाचं काही नुकसान नाही.

परवान्याचं तसंच. शिकागोने २०१५ मधे खाण्याच्या हातगाड्या कायदेशीर केल्या, पण अट अशी घातली की पदार्थ परवाना असलेल्या किचनमधेच तयार झाला पाहिजे, आणि रोज शंभरेक तमाले विकणाऱ्या बाईला ते भाडं परवडत नाही म्हणून परवाना घेणारे फार थोडे निघाले. कॅलिफोर्नियाने २०१८ मधे फुटपाथवर विकणं हा गुन्हाच नाही असं ठरवलं, मग लक्षात आलं की आरोग्य खात्याचे नियम गाडीवाल्याला पाळताच येत नाहीत, तेव्हा २०२२ मधे तेही सुटसुटीत केले. स्वच्छता पाहिजेच, माझी त्यावर काही तडजोड नाही, पण नियम असा पाहिजे की जो पाळायचाय त्याला तो पाळता येईल. आणि जागा! शिकागोत २६ व्या रस्त्यावर, लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीत, डिस्काउंट मॉल आहे, १९९१ पासून छोटे छोटे गाळे, क्विन्सेअन्येराचे, म्हणजे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याचे, घेरदार ड्रेस, बूट, सोन्याच्या साखळ्या, औषधी मुळ्या. २०२० मधे तो प्लाझा विकला गेला आणि २०२३ मधे एका बाजूच्या गाळेवाल्यांना निघावं लागलं, तीस-तीस वर्षांचं गिऱ्हाईक बांधलेली माणसं. गिऱ्हाईक तुम्ही जमवलं, रस्त्याला नाव तुमच्यामुळे मिळालं, पण करार छोटा आणि मालकी दुसऱ्याची. कर्ज धंद्याला मिळतं त्यापेक्षा जागा विकत घ्यायला मिळालं तर त्याचा उपयोग पुढच्या पिढीपर्यंत पोचतो असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल बँक म्हणजे धर्मादाय संस्था नाही, धोका बघूनच पैसे देणार. बरोबर आहे, मीही हिशोबाचंच काम करते. पण धोका बघा असंच मी म्हणतेय, तो न बघता नाही म्हणू नका. बारा महिन्यांचं वेळेवर भरलेलं घरभाडं बघा, तांदा बघा, खात्यात रोज येणारी रक्कम बघा, आयटिन नंबरवर वर्षानुवर्षं भरलेला टॅक्स बघा. १९९६ पासून हा नंबर सरकारच देतं, कागदपत्रं नसलेला माणूससुद्धा त्यावर टॅक्स भरतो, मग त्याच नंबरवर कर्जाचा अर्ज का घेऊ नये? काही छोट्या संस्था घेतात. मोठ्या बँकांतल्या बहुतेक घेत नाहीत.

बाईंना आम्ही मार्चमधे एका संस्थेच्या अशाच सही केलेल्या तांदात बसवलं. खातं सहा महिन्यांचं झाल्याशिवाय स्कोअर तयार होत नाही, म्हणून सप्टेंबरपर्यंत थांबलो, आणि आला, चांगला आला. दरम्यान २०२४ च्या रिटर्नमधे नफा खरा दाखवला, टॅक्स थोडा जास्त बसला, बाईंनी कुरकूर न करता भरला. एका छोट्या कर्जसंस्थेने वह्या टेबलावर ठेवून घेतल्या, पानं उलटून बघितली, ६,००० मंजूर केले. त्यातून किचनचं तीन महिन्यांचं भाडं, परवान्याची फी आणि मोठं वाफेचं भांडं.

त्याच सप्टेंबरात शिकागो आणि आसपासच्या गावांत इमिग्रेशनच्या धाडी सुरू झाल्या. २६ व्या रस्त्यावर भर दुपारी दुकानं रिकामी होती, आमच्याकडे पूर्वेलाही तेच, लोक सामान आणायलासुद्धा बाहेर पडत नव्हते. नोव्हेंबरात बाई चौथी वही घेऊन आल्या. पहिल्या पानावर किचनचं भाडं लिहिलेलं, खाली रोजच्या ओळी. ऑक्टोबरचं पान मी बराच वेळ बघत होते. २० डझन नेले, १४ परत. १८ नेले, १५ परत. १० नेले, ७ परत. शेवटच्या रकान्यात जिथे पाऊस, बर्फ, सण असं असायचं, तिथे ओळीने नऊ दिवस एकच शब्द होता, मिग्रा. त्यांच्याकडे इमिग्रेशनवाल्यांना तेच म्हणतात. मी विचारलं, या महिन्याचा हप्ता? म्हणाल्या, भरला, पाच तारखेलाच, आणि पावती वहीतून काढून माझ्यासमोर ठेवली.